बर्फ धुण्याआधीची दोन मिनिटं

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको. आमच्या कारमोडी गावात कुणालाही विचारा, थेल्मा डॅनिल्को कशी बाई आहे? तो आधी मागे वळून बघेल, मी जवळपास नाही ना याची खात्री करेल, आणि मग म्हणेल, “बर्फ छान करते हं.” एकतीस हिवाळे मी आमच्या रिंकवर, म्हणजे हॉकीच्या बर्फाळ मैदानावर, बर्फाची गाडी चालवतेय. हॉकीच्या दोन भागांमध्ये पंधरा मिनिटांची सुट्टी असते. तेवढ्यात पोरांनी स्केट्सनी उकरून ठेवलेला बर्फ गाडीखालच्या पात्यानं तासायचा, चुरा उचलायचा आणि वरून गरम पाण्याचा पातळ हात फिरवायचा. आम्ही याला बर्फ धुणं म्हणतो. फाटकातून आत शिरलं की पहिली फेरी कडेकडेनं, मग आत आत. मी बाहेर पडते तेव्हा मागे एक ओरखडा शिल्लक नसतो. या कामात माझा हात धरणारं आमच्या भागात कुणी नाही, आणि ही फुशारकी नाही, आहे ते सांगतेय.

पण ही गोष्ट माझी नाही. ऑर्व्हिल हनात्युकची आहे. एकवीस वर्षं त्या माणसासाठी मला दर सुट्टीत दोन मिनिटं गाडी रोखून बसावं लागलं.

ऑर्व्हिल शाळेत माझ्या दोन वर्ग पुढे. उंच, खांद्यात वाकलेला, कान हे एवढे, आणि बोलणं मोजून मापून. शाळा सुटली तसा तो रेल्वेलगतच्या धान्याच्या कोठारावर कामाला लागला. शेतकरी ट्रक घेऊन यायचे, आणि हा ओंजळभर गहू बघून त्याची प्रत ठरवायचा. माझे वडील एकदा माल घेऊन गेले, मी शेजारी बसले होते. ऑर्व्हिलनं गहू तळहातावर पसरला, बोटानं सारखा केला, एक दाणा दाताखाली फोडला आणि अगदी हळू विचारलं, “तुमच्या कोठीचं छप्पर उत्तरेच्या बाजूनं गळतंय का हो?”

वडील असे भडकले! राग आमच्या घरात वारशानंच येतो. “माझी कोठी दोन वर्षांची आहे, कालच्या पोरा! तू मला शिकवतोस?” घरी आल्यावर मात्र गुपचूप शिडी लावून वर चढले. उत्तरेकडचा एक पत्रा बोटभर उचकटलेला होता आणि खालचं धान्य ओलसर. खाली उतरले, टोपी काढली, आणि बराच वेळ तशीच हातात धरून उभे राहिले. “दाणा बोलतो त्याच्याशी,” एवढंच म्हणाले. वडिलांनी दुसऱ्याला मान दिलेला मी आयुष्यात बघितला तो तेवढाच.

पुढे कोठार पाडलं. सगळं गाव रस्त्याच्या कडेला उभं राहून बघत होतं. ऑर्व्हिल चव्वेचाळिसाव्या वर्षी रिकामा झाला. त्याच सुमाराला एका मोठ्या शहरातल्या मोठ्या क्लबला आमच्या भागातली पोरं बघायला माणूस हवा होता. दर जूनमध्ये ड्राफ्ट असतो. सगळे मोठे क्लब रांगेनं एकेक नाव पुकारतात, अशा सात फेऱ्या. अठरा वर्षांची ती पोरं. ज्याचं नाव निघतं त्याच्या आईचे पाय जमिनीला लागत नाहीत, आणि ज्याचं निघत नाही त्याच्या आईचं काय होतं ते पुढे सांगते. तर हे काम ऑर्व्हिलला मिळालं. गहू बघणारा माणूस पोरं बघायला लागला. गाव हसलं. मीही हसले.

पहिल्याच सामन्याच्या सुट्टीत हा फाटकाशी हजर. बुटांवर रबरी बूट चढवलेले.

“थेल्मा, दोन मिनिटं थांबशील? धुण्याआधी बघायचंय.”

“काय बघायचंय?”

“बर्फ.”

“बर्फात काय बघायचंय मेल्या, पांढरा आहे!”

पण तोवर त्यानं रिंकच्या अध्यक्षांना विचारून ठेवलं होतं. दोन मिनिटं द्यायची, असा हुकूम निघाला. मग काय, मी गाडीवर बसून मोठ्यानं सेकंद मोजायची, पोरं खिडकीत उभी राहून हसायची, आणि हा आपला वाकून बर्फावरून चालतोय. कडेला जायचा, कोपऱ्यात थबकायचा, कधी बसकण मारून बोटानं एखाद्या रेघेची धार चाचपायचा. एकशे वीस म्हटलं की मुकाट बाहेर. “आभारी आहे, थेल्मा.” दर वेळी, न चुकता.

लोक चकतीकडे बघतात. ती काळी रबराची चकती जिथं जाईल तिकडे माना वळतात. ऑर्व्हिलचं उलटं होतं. तो म्हणायचा, “चकतीपाशी सगळेच जीव तोडून खेळतात. आई बघत असते, कोच बघत असतो. चकती नसते तिथं पोरगा काय करतो, ते फक्त बर्फ बघतो.” शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्यातला तो नव्हता. एकेका पोराला तो निदान तीनदा बघायचा: जिंकताना, हरताना, आणि घरापासून लांब.

तरी माझा विश्वास नव्हता. मग एका जानेवारीत बाहेरगावचा एक गोलकीपर आला. प्रत्येक गोलकीपर भाग सुरू होताना आपल्या जाळ्यापुढचा गुळगुळीत बर्फ स्केट्सनी खरवडून घेतो, पाय घसरू नयेत म्हणून. ऑर्व्हिलनं सुट्टीत ते खरवडणं बघितलं आणि त्यांच्या कोचला जाऊन म्हणाला, “याचा डावा गुडघा दाखवून घ्या. उजवीकडे वीस ओरखडे आहेत, डावीकडे सहा, तेही वरवरचे.” पोरगा स्वतः म्हणाला, मला काही होत नाही. तिसऱ्या आठवड्यात त्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, अजून महिनाभर खेळला असता तर पाय गेला असता.  तो बर्फ मी रोज बघत होते. तासत होते, धूत होते. मला तिथं चुऱ्याशिवाय काही दिसलं नव्हतं.

आता गार्थचं सांगायला हवं.

गार्थ माझा मुलगा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मला कळतं. पण गार्थ खरंच देखणा खेळायचा. बर्फावर निघाला की तीन गावची माणसं उठून उभी राहायची. नुसतं त्याचं वळण बघायला यायची. मोठं, गोल, कुठं अडखळणं नाही. एकोणीस वर्षांपूर्वी तो ड्राफ्टच्या वयात आला. सगळे म्हणत होते, तिसऱ्या फेरीत जाईल, फार तर चौथ्या. जूनमध्ये घर भरलं होतं, केक आणला होता. सात फेऱ्या झाल्या. नाव निघालं नाही. माणसं एकेक करून उठून गेली, कुणी माझ्याकडे बघेना, आणि तो केक टेबलावर तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी पोस्टात मी ऑर्व्हिलला गाठलं. “काय लिहिलंस माझ्या पोराबद्दल?”

त्यानं खोटं बोलायला हवं होतं. नाही बोलला. “थांबत नाही, असं लिहिलं.”

“थांबत नाही म्हणजे?”

“हॉकीत दोन तऱ्हेची पोरं असतात, थेल्मा. चकती हातची गेली, खेळ उलटला, की एक जण पाय आडवे टाकतो, जागच्या जागी थांबतो आणि मागे पळतो. त्यात दम लागतो, मांड्या भरून येतात, आणि बघणाऱ्याला तो संथ वाटतो. दुसरा वेग न मोडता मोठा वळसा घेतो. दिसायला सुरेख. पण वळसा पुरा होईतो चार पावलं उशीर झालेला असतो. थांबणाऱ्याच्या जागी बर्फाचा ढीग पडतो. वळसेवाल्याची नुसती रेघ राहते.”

“माझ्या पोराला तू संपवलंस,” मी म्हटलं. पोस्टात आठ माणसं होती. तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. तेव्हापासून एकोणीस वर्षं मी त्याच्याशी एक गोड शब्द बोलले नाही. फाटकाजवळ माझा कॉफीचा थर्मास असतो. रेफरीपासून झाडूवाल्यापर्यंत प्रत्येकाला त्यातली घोटभर मिळते. ऑर्व्हिलला नाही. दोन मिनिटं मात्र द्यायची. हुकूम होता ना. ती मी दात-ओठ खात दिली.

गार्थनं पुढे ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान काढलं, लग्न केलं, दोन पोरं झाली. तो ऑर्व्हिलला रस्त्यात भेटला की हात करायचा, थांबून बोलायचा. मला वाटायचं, माझं लेकरू किती मोठ्या मनाचं!

गेल्या मोसमात आमच्या संघात कोल्बी थिसेन आला. बावीस नंबर, बचावात खेळणारा. मेनोनाइट या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाच्या वस्तीतला शेतकऱ्याचा पोरगा, सतरा वर्षांचा, बुटका, खांद्यानं रुंद, आणि बघायला संथ. कोण त्याला घेणार? स्केट्सना धारसुद्धा घरच्या दगडावर स्वतः लावायचा. डाव्या पात्याच्या टोकाशी एक खाच होती, ती काही त्या दगडानं निघत नव्हती. म्हणून तो जिथं जाईल तिथं एका रेघेशेजारी केसाएवढी दुसरी बारीक रेघ उमटायची. हे मला कसं माहीत? तेच तर. मला माहीत आहे हे मलाच माहीत नव्हतं.

ऑर्व्हिल त्या पोरामागे वेडा झाला होता. तीनदा नाही, चौदा वेळा बघितलं त्यानं त्याला. त्यांच्या क्लबमध्ये एक रीत आहे. दरवर्षी शेवटच्या बैठकीत प्रत्येक पारख्याला एकदा टेबलावर मूठ आपटायचा हक्क असतो: बाकी कुणाचं काही मत असो, सातव्या फेरीत माझा हा पोरगा घ्या. मोठ्या साहेबांनी मान हलवली की झालं. ऑर्व्हिलनं एकवीस वर्षांत एकदाही मूठ आपटली नव्हती. आणि हे त्याचं शेवटचं वर्ष. पुढच्या हिवाळ्यापासून क्लब रिंकारिंकांवर कॅमेरे लावणार होता, आकडे मोजायला. म्हातारा घरी बसणार होता. म्हणजे ही मूठ आत्ता नाही तर कधीच नाही, आणि त्या पोरालाही दुसरा कुणी विचारणारा नव्हता.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी मोठे साहेब आले. प्रेंटिस नावाचे, लांब कोट, हातात फोन. वादळाचा इशारा होता, चारला महामार्ग बंद होणार होता. म्हणून ते फक्त दुसरा भाग बघून निघणार होते. फाटकाशी माझ्या गाडीच्या मागेच दोघं उभे होते.

“मला तर हा पोरगा संथ वाटतो, ऑर्व्हिल.”

“हा भाग बघा. मग सुट्टीत दोन मिनिटं माझ्याबरोबर बर्फावर चला. मी दाखवतो तुम्हाला.” आणि मग ऑर्व्हिल म्हणाला, “साहेब, एकवीस वर्षांत असा पोरगा मी बघितला नाही.”

एकवीस वर्षांत! त्या एकवीस वर्षांत माझा गार्थ होता. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की कानांत रक्त वाजायला लागलं. तो भाग मी धड बघितलासुद्धा नाही.

भोंगा वाजला. पोरं आत गेली. ऑर्व्हिल अजून पायऱ्यांवर होता. प्रेंटिसना फोन आला होता म्हणून खोळंबला होता. मी फाटक उघडलं आणि गाडी आत घातली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी बर्फ रागानं धुतला.

आणि धुताना मला ते दिसलं. बघायचं नव्हतं तरी दिसलं. उजव्या कोपऱ्यात बर्फाचा ढीग, शेजारी ती जोडरेघ. वीस फुटांवर दुसरा. बर्फाखाली रंगवलेल्या निळ्या रेषेवर एकाला लागून एक, दोन. मी मोजायला लागले. डोकं म्हणत होतं, मोजू नकोस गं, आणि तोंड मोजत होतं: पाच, सहा, सात. जाळ्यामागे, जिथं दुसऱ्या कुणाची एक रेघ नव्हती, म्हणजे चकती गेलीच नव्हती, तिथं आठवा. हा पोरगा कुणी बघत नसताना थांबला होता. आठ वेळा मांड्या मोडून, आठ वेळा जागच्या जागी. भोवती बाकीच्यांच्या सुरेख गोल गोल रेघा, आणि मधे हे ओबडधोबड ढीग.  इतकं सगळं रोज या बर्फावर लिहिलेलं असतं? आणि मी एकतीस वर्षं पुसत आले? पण गाडी मध्येच थांबवता येत नाही, गरम पाण्यानं खड्डा पडतो. मी आठवा ढीगही उचलला.

बाहेर आले तर ऑर्व्हिल फाटकाशी उभा. रबरी बूट चढवलेले. मागे प्रेंटिस कोटाची बटणं लावत होते. बर्फ लखलखत होता, एक रेघ नव्हती.

“हं, दाखव,” प्रेंटिस म्हणाले.

ऑर्व्हिलनं माझ्याकडे बघितलं नाही. “नाही दाखवता येणार, साहेब. यायला उशीर केला मी. माझी चूक.”

“मग मी जे बघितलं तेच धरून चालतो. संथ आहे. चल, निघतो मी, रस्ता बंद होईल.”

ते दाराकडे निघाले. ऑर्व्हिल टोपी काढून तसाच उभा राहिला, अगदी पोस्टात उभा होता तसा. मला वडिलांची आठवण झाली.  मेला एका शब्दानं बोलला नाही की या बाईनं मुद्दाम केलं!

“ओ साहेब! थांबा!” मी गाडीवरून उडीच मारली. त्रेसष्टाव्या वर्षी मारू नये. “आठ!”

“काय आठ?”

“आठ वेळा थांबला तो. बावीस नंबर. उजव्या कोपऱ्यात दोन, निळ्या रेषेवर दोन, मधल्या वर्तुळाशी तीन, आणि एक जाळ्यामागे. डाव्या पात्याला खाच आहे त्याच्या, दुहेरी रेघ पडते. मी धुतला तो बर्फ. मी मुद्दाम धुतला, त्याची काही चूक नाही. उशीरबिशीर काही नाही, मी थांबलेच नाही.”

प्रेंटिसनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “आणि तो नऊ नंबर? सगळे ज्याचं कौतुक करतात तो?”

“वळसे,” मी म्हटलं. “बावीस सोडला तर आख्ख्या बर्फावर एकच ढीग, तोही खेळाडूंच्या बाकापाशी. दमला म्हणून बसायला आला असेल.”

“ऑर्व्हिल, तुझी वही बघू.”

ऑर्व्हिलनं खिशातून छोटी वही काढून दिली. बावीस नंबरासमोर पेन्सिलीच्या उभ्या रेघा होत्या. सात. नऊ नंबरासमोर एक.

“बाई आठ म्हणतात.”

“मग आठच असतील,” ऑर्व्हिल म्हणाला. “जाळ्यामागची हुकली माझी. तेव्हा तुम्ही मला विचारत होतात, इथं कॉफी कुठं मिळते.”

प्रेंटिस पहिल्यांदाच हसले. वही परत दिली, “बघू,” म्हणाले आणि वादळात निघून गेले. मी थर्मासमधून कॉफी ओतली आणि ऑर्व्हिलपुढे धरली. त्यानं दोन्ही हातांनी घेतली.  तिसरा भाग सुरू झाला होता.

पुढचे चार महिने मला झोप म्हणून नव्हती. कोल्बी पेरणीला घरी गेला. मेमध्ये ऑर्व्हिल बैठकीला जाऊन आला. मी विचारलं, “आपटलीस का मूठ?” तो म्हणाला, “आपटली. कुणाची तरी कॉफी सांडली.” “मग साहेब काय म्हणाले?” “काही नाही. कॉफी पुसायला सांगितली.” याहून अधिक एक अक्षर नाही. असल्या माणसाचं काय करावं?

जूनमध्ये ड्राफ्टच्या दिवशी सगळं गाव रिंकमध्ये जमलं. उन्हाळ्यात बर्फ नसतो, खाली नुसतं सिमेंट. त्यावर खुर्च्या मांडल्या, भिंतीवर पडदा लावला, बायकांनी पिरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या करंज्या, आणि सॉसेजचे ट्रे आणले. थिसेन कुटुंब पुढे बसलं होतं. बाप शेतातून तसाच आलेला, आई हात मांडीवर घट्ट धरून. ती बाई कशी बसली होती ते मला बघवेना. मीही तशीच बसले होते एकदा. या खेपेला मी केक आणू दिला नाही कुणाला.

पहिली फेरी, दुसरी, तिसरी. नऊ नंबर चौथीत गेला, टाळ्या झाल्या. पाचवी, सहावी. पोरगा खाली मान घालून बसलेला. सातव्या फेरीत ऑर्व्हिलच्या क्लबची पाळी आली. पडद्यावर प्रेंटिस मंचाशी आले, चष्मा लावला, कागद बघितला.

“कारमोडीहून,” ते म्हणाले, “बचावपटू कोल्बी थिसेन.”

काय आरडाओरडा झाला म्हणून सांगू! खुर्च्या उलथल्या, कुणीतरी भोंगाच वाजवला. थिसेनबाई माझ्या गळ्यात पडून रडली, आणि तो दगडासारखा बाप उभा राहून नुसता हात चोळत होता. मीही रडत होते. माझ्याशेजारी गार्थ होता. त्याचेही डोळे भरलेले.

“म्हाताऱ्यानं करून दाखवलं, आई,” तो म्हणाला.

“हो रे. आणि तुझ्या वेळी...” सवयीनं तोंडातून गेलंच.

गार्थनं माझ्याकडे वळून बघितलं. “आई, मला त्यानं तेव्हाच दाखवलं होतं.”

“काय दाखवलं होतं?”

“माझा बर्फ. त्या वर्षीच्या शेवटच्या सामन्यात. तू दोन मिनिटं मोजत होतीस ना मोठ्यानं, तेव्हा मला बर्फावर बोलावून घेतलं; तुला वाटलं, मी पडलेला हातमोजा शोधतोय. म्हणाला, ‘बघ पोरा, हे तू लिहिलंयस.’ नुसते वळसे होते, आई. मला माहीत होतं. थांबायचा कंटाळा यायचा मला. लोक वळणावर टाळ्या वाजवायचे. मी त्याला म्हटलं, लिहा खरं तेच.”

“मग मला का नाही सांगितलंस? एकोणीस वर्षं!”

“सांगणार होतो. ड्राफ्टनंतर त्याच्याकडेच गेलो आधी. म्हटलं, आई तुमच्यावर उगाच चिडलीय, मी सांगतो तिला. तर म्हणाला, ‘राहू दे. तिला कुणावर तरी रागावायला लागेल. तुझ्यावर रागावली तर तिलाच जड जाईल. माझ्यावर राहू दे, मला पेलेल.’”

 मी गर्दीतून वाट काढत निघाले. ऑर्व्हिल गर्दीत नव्हता. तो फाटकाशी, माझी गाडी उभी असते तिथं, खुर्ची टाकून बसला होता आणि त्या कोरड्या सिमेंटकडे बघत होता. मी समोर जाऊन उभी राहिले. काय बोलायचं ते एकोणीस वर्षांत साठवलेलं सगळं निरुपयोगी झालं होतं.

“अरे मेल्या,” मी म्हटलं, “मी तुला पोस्टात आठ माणसांदेखत...”

“नऊ,” तो म्हणाला. “पोस्टमास्तर धरून.”

मी हसले आणि रडले, दोन्ही एकदम. मग शेजारी खुर्ची ओढून बसले. पलीकडे पोरं कोल्बीला खांद्यावर घेऊन नाचत होती.

“ऑर्व्हिल, एक विचारते. खरं सांग. गार्थचे किती होते त्या दिवशी? ढीग?”

त्यानं एक बोट वर केलं. “एक.”

“कुठे?”

“इथेच. या फाटकापाशी. खेळ मध्येच थांबला होता. तू गाडी घेऊन उभी होतीस, तुला बघून आला तो. पाय आडवे टाकून असा जागच्या जागी थांबला की माझ्या चष्म्यावर बर्फ उडाला. पाठ्यपुस्तकात छापावं असं थांबला होता. मी वहीत लिहून ठेवलंय.”

आणि मला आठवलं. काचेला नाक लावून तो विचारत होता, आई, घरी पिरोगी उरलीत का? मी म्हटलं होतं, जा, खेळाकडे लक्ष दे.

पहिली फेरी मी नेहमी फाटकापासूनच सुरू करते. तो ढीग मी सगळ्यात आधी उचलला असणार.